बहिणीनं दिलेली गिटार

मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका, असं तिनं दोनदा बजावलं आहे, म्हणून एवढंच सांगते की ती आपल्या जालना जिल्ह्यातलीच आहे. ती लिहिते, मुलगा नववीत आहे, हुशार आहे. पण सहा महिन्यांपासून कानात सदानकदा इंग्रजी बँडची गाणी. शब्द कळत नाहीत, नुसता दणदणाट. आता गिटार हवी म्हणून हट्ट धरून बसला आहे. यांचं म्हणणं, असली थेरं आपल्या घरात चालायची नाहीत. बापलेकांचं बोलणं बंद झालं आहे आणि मी मधल्यामध्ये सापडले आहे. काय करू?

पत्र वाचलं आणि खरं सांगते, मला उत्तर लिहवेना. कारण आमच्याच घरात पोटमाळ्यावर एक गिटार जुन्या साडीत गुंडाळून पडलेली होती. ती मीच ठेवली होती.

त्याचं असं झालं. दिवाळीत वन्सं भाऊबीजेला आल्या, त्यांनी संभाजीनगरहून भाच्यासाठी गिटार आणली. आमचा मुलगा आठवीत. पोराला आभाळ ठेंगणं झालं. मोबाईलवर बघून बघून बोटं दुखेपर्यंत वाजवायचा. पुढं जानेवारीतल्या चाचणीत गणिताचे मार्क घसरले. मी स्वतः शाळेत अर्धवेळ शिकवते, मग माझ्याच मुलाचे मार्क घसरले म्हटल्यावर मला ते जिव्हारी लागलं. त्याच रात्री गिटार माळ्यावर गेली. मुलगा रडला नाही, भांडला नाही. "बरं आई," एवढंच म्हणाला. पण त्या दिवसापासून तो आंघोळीला जाताना गुणगुणायचा, तेही थांबलं. घर अगदी शांत झालं. ही शांतता काही मला मानवेना.

शेवटी एका रविवारी मीच विषय काढला. म्हटलं, "अरे, काय आहे तरी काय त्या गाण्यांत?" तर म्हणतो, "आई, तू एकदा ऐक तरी."

ऐकलं. 'ओअॅसिस' नावाच्या इंग्रजी बँडचं 'वंडरवॉल' हे १९९५ सालचं गाणं. जगात कुठंही पोरगं गिटार शिकायला लागलं की पहिल्या चार-दोन गाण्यांत हे असतंच म्हणे. ऐकायला काही वाईट वाटलं नाही. मग त्या नावाचा अर्थ काय, म्हणून शोधायला गेले आणि धागा धरून धरून थेट आपल्या मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचले! तीच हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. पत्राचं उत्तर त्यातच येईल.

आठ भावंडांचं घर

लंडनच्या उत्तरेला मझवेल हिल म्हणून भाग आहे. तिथं डेव्हिस आडनावाचं एक साधंसुधं कुटुंब राहायचं. घरात सहा मुली आणि त्यांच्या पाठीवर दोन मुलगे, रे आणि डेव्ह. घर लहान. पण शनिवारी रात्री पुढच्या खोलीत सगळा गोतावळा जमायचा, पियानोवर कुणीतरी बसायचं आणि जुनी गाणी व्हायची. आपल्याकडे भुलाबाईच्या किंवा मंगळागौरीच्या गाण्यांना घर भरतं ना, तसंच म्हणा.

थोरल्या बहिणींपैकी रेनी लग्न होऊन कॅनडाला गेली होती. तिला हृदयाचं दुखणं होतं. ती माहेरी परत आली होती. २१ जून १९५७ रोजी रेचा तेरावा वाढदिवस. रेनीनं धाकट्या भावाला गिटार भेट दिली. त्याच संध्याकाळी ती नाचायला बाहेर गेली आणि नाचता नाचताच कोसळली, गेली. वय अवघं एकतीस. हौशी बाई! दुखणं माहीत असूनही तिनं नाचणं सोडलं नाही.

मैत्रिणींनो, तेरा वर्षांच्या त्या मुलाची काय अवस्था झाली असेल, मला सांगा. हातात बहिणीनं दिलेली गिटार आणि बहीण नाही.

हाच रे पुढं 'किंक्स' या बँडचा गाणी रचणारा झाला. धाकटा डेव्ह त्यात गिटार वाजवायचा. हा डेव्ह भलताच उपद्व्यापी. त्याच्याकडे आवाज मोठा करणारं एक लहानसं यंत्र होतं. त्याचा आवाज फार गुळगुळीत वाटतो म्हणून या पोरानं दाढीच्या पात्यानं आतल्या स्पीकरचा पडदाच चिरून ठेवला. फाटक्या पडद्यातून आवाज आला तो गुरगुरणारा, खरखरीत. आपण असतो तर पाठीत धपाटा घातला असता, हो की नाही? पण १९६४ साली त्याच फाटक्या आवाजात त्यांनी एक गाणं केलं. ते रेनं घरातल्या त्याच पुढच्या खोलीत पियानोवर रचलं होतं. सप्टेंबरात ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. चौदा वर्षांनी, १९७८ साली, अमेरिकेतल्या 'व्हॅन हेलन' या बँडनं आपल्या पहिल्या तबकडीसाठी तेच गाणं निवडलं. आज पोरं ज्याला रॉक म्हणतात, त्यातल्या गिटारची ती खरखर, ज्याला आपण दणदणाट म्हणतो, तिच्या मुळाशी अशा कुणा कुणाचे घरगुती उद्योग आहेत.

मुंबईचा किनारा

आता खरी गंमत. जानेवारी १९६५ मध्ये हा बँड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला असताना वाटेत मुंबईत थांबला. रेला पहाटे जाग आली. समुद्रावर मासेमारीला निघालेले लोक जाळी घेऊन चालले होते आणि चालता चालता गात होते. मुंबईच्या किनाऱ्यावर पहाटे जाळी घेऊन निघणारे, म्हणजे आपले कोळीच असणार. ते सूर त्याच्या डोक्यात बसले ते बसलेच. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याचं 'सी माय फ्रेंड्स' हे गाणं निघालं. नदीपलीकडे गेलेल्या मित्रांचं ते गाणं आहे. मुंबईची ती पहाट त्यात आहे, असं त्यानं पुढं अनेकदा सांगितलं. आणि गेलेल्या रेनीचं दुःखही त्यात आहे, हेही त्यानंच सांगितलं.

हे गाणं मी सासूबाईंना ऐकवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. दोन मिनिटं ऐकून म्हणाल्या, "अगं, हे तर तुणतुणं लावल्यासारखं वाटतंय."

अगदी बरोबर बोलल्या त्या! आपल्याकडे लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात, तेव्हा संबळ वाजतो आणि शेजारी तुणतुण्यावर एकच सूर अखंड धरलेला असतो. शास्त्रीय गाण्यात तेच काम तंबोरा करतो. मूळ सूर हलत नाही, त्याच्या अंगाखांद्यावर गाणं खेळतं. पाश्चात्त्य गाण्याची रीत वेगळी. तिथं गाण्याखालचे सूर क्षणाक्षणाला बदलत जातात. या गाण्यात रेनं तो आपला धरून ठेवलेला सूर गिटारवर आणला. सासूबाईंनी जे ऐकलं, ते इंग्लंडमधल्या इतर पोरांनीही ऐकलं.

बघा, किती भराभर पुढची पावलं पडली. डिसेंबर १९६५ मध्ये 'बीटल्स' या चौघांच्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवली. मे १९६६ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या गाण्यात सतार आली. त्याच वर्षी बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीवर हॅरिसननं एक गाणं जवळजवळ पूर्ण हिंदुस्थानी वळणाचं केलं. त्यावर तबला वाजवणाऱ्याचं नाव तबकडीच्या वेष्टनावर छापलेलं आहे, अनिल भागवत. आडनाव वाचलं आणि मला आपलं उगीचच शेजारपाजारचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं!

सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला, पत्नीलाही घेऊन आला. ताजमहाल हॉटेलात उतरला. ओळख लपवून राहायचा बेत होता, पण बातमी फुटली आणि तरुण पोरापोरींची ही गर्दी लोटली. शेवटी शिकवणी काश्मीरला हलवावी लागली. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला. या वेळी फोर्टातल्या हिज मास्टर्स व्हॉइसच्या स्टुडिओत त्यानं आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. संतूरवाले शिवकुमार शर्माही त्यांत होते. एका इंग्रजी चित्रपटासाठी ते संगीत होतं आणि त्या तबकडीचं नाव होतं, 'वंडरवॉल म्युझिक'.

आलं ना लक्षात? सत्तावीस वर्षांनी ओअॅसिसच्या नोएल गॅलाघरनं आपल्या गाण्याला नाव दिलं, ते या तबकडीवरून. बीटल्सवर त्याची अपार भक्ती. म्हणजे पिंपळगाव रेणुकाईत आमच्या पोटमाळ्याखाली बसून माझा मुलगा जे गाणं शिकत होता, त्याचं नाव मुंबईच्या स्टुडिओतून फिरून आलं होतं. आणि मी त्याला परक्यांची थेरं समजून बसले होते.

उष्टं की वारसा?

आमचे हे या सगळ्यावर म्हणाले, "म्हणजे सगळे एकमेकांचं उचलूनच मोठे झाले की." हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. मला मात्र तसं वाटत नाही. माझ्या आईची आमटी आणि माझी आमटी यांत काय फरक आहे? मसाला तिचाच. पण लग्न होऊन या भागात आले, इथली मिरची तिखट, पाणी वेगळं, माणसांची जीभ वेगळी. आता माझी आमटी आईच्या आमटीसारखी लागत नाही, पण तिच्याशिवाय ती झालीही नसती. गाण्याचं तसंच आहे. सत्तरीच्या आणि नव्वदीच्या दशकांतले हे मोठमोठे बँड साठीच्या दशकातल्या गाण्यांवर वाढले. १९७८ मध्ये 'द जॅम'नं, १९७९ मध्ये 'प्रिटेंडर्स'नं किंक्सची जुनी गाणी आपल्या ढंगात गायली. प्रिटेंडर्सची म्होरकी तर एक बाई आहे, क्रिसी हाइंड. स्वतः गिटार वाजवते, गाणी रचते. १९९५ मध्ये 'ब्लर' बँडच्या डेमन अल्बार्ननं टेलिव्हिजनवर रे डेव्हिसच्या शेजारी बसून त्याचंच गाणं त्याच्याबरोबर गायलं. चोर मालकाच्या शेजारी असा बसेल का?

'क्वीन' बँडची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा. त्याचं शिक्षण आपल्या पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत झालं. तिथं १९५८ साली पोरांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. त्यात हा पियानोवर बसायचा. आणि क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे? दुकानातली गिटार परवडत नव्हती, म्हणून १९६३ साली या मुलानं वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार करायला घेतली. लाकूड जुन्या शेगडीच्या चौकटीचं. सुरांच्या जागा दाखवायच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. आणि हलवायच्या दांडीचं टोक आईच्या विणायच्या सुईचं! बीटल्स ऐकत ऐकत त्यानं ती केली. तीच गिटार घेऊन तो पुढं जगभर फिरला. आईनं त्या दिवशी "माझ्या डब्याला हात लावू नकोस" म्हटलं असतं तर?

सासूबाईंचा रेडिओ

मी हे सांगत होते तेव्हा सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या लहानपणी 'गुमनाम'मधलं ते क्लबातलं गाणं रेडिओला लागलं की आमचे वडील बटण पिरगाळायचे. म्हणायचे, माकडचाळे आहेत. आता तेच गाणं लागलं की जुनं ते सोनं म्हणतात लोक."

'गुमनाम' १९६५ सालचा. शंकर-जयकिशन यांचं संगीत, रफीसाहेबांचा आवाज. पडद्यावर वाजवणारा बँडही खराखुरा, मुंबईचा टेड लायन्स आणि त्याचे साथीदार. शंकर-जयकिशन यांच्याकडे वाद्यमेळाची जुळणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचे. साठीच्या दशकातली गिटार आणि ड्रम आपल्या घरांत आले, ते अशा चित्रपटांच्या वाटेनं आणि गोव्याच्या वादकांच्या हातांनी. पुढच्या वर्षी 'तीसरी मंझिल'मध्ये राहुलदेव बर्मन यांनी तर धमालच उडवून दिली. गंमत म्हणजे 'गुमनाम'मधलं ते गाणं २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला घेतलं आहे. माकडचाळे सातासमुद्रापार गेले!

आणि शेवटचा धागा ऐका. लेस्टर गावात पंजाबी मुळाच्या तजिंदर सिंगनं काढलेला 'कॉर्नरशॉप' नावाचा एक रॉक बँड. १९९७ साली त्यांनी एक गाणं केलं, आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्यावर. आशाताईंच्या जुन्या तबकड्या ऐकत वाढलेल्या मुलानं त्यांना केलेला तो नमस्कारच आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्या गाण्याचं नव्यानं केलेलं रूप इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. गाण्यात लताबाईंचं नाव आहे, रफीसाहेबांचं नाव आहे. आणि त्याच तबकडीवर शेवटी काय आहे? बीटल्सचं तेच सतारीचं 'नॉर्वेजियन वुड', पण चक्क पंजाबीत. आपल्याकडचं तिकडे गेलं होतं, ते आपली बोली बोलत परत आलं.

तर मग काय करावं?

भगिनी, तुमच्या पत्राचं उत्तर आता देते. त्याआधी माझी चूक सांगते, म्हणजे ती तुमच्या हातून व्हायची नाही. मेमध्ये मी गिटार खाली काढली. आमच्या माळ्यावर पत्रा आहे आणि आपल्या मराठवाड्याचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. घोडीपाशी डिंक सुटून लाकूड वर उचललं गेलं होतं. मुलानं ते बघितलं आणि नुसता हात फिरवला. दुरुस्तीला संभाजीनगरला पाठवली, ती पंधरा दिवसांनी आली. आवाज थोडा बदलला आहे म्हणतो. मी त्याची माफी मागितली. आईनं मुलाची माफी मागू नये असं कुठं लिहून ठेवलेलं नाही.

तेव्हा गिटार घ्यायचीच असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. पहिली शक्यतो कुणाची वापरलेली घ्यावी, पण वाजवणाऱ्या माणसाला दाखवून. नवशिक्याच्या बोटांना लोखंडी तारांपेक्षा नायलॉनच्या तारा सोसवतात. पत्र्याखाली, चुलीजवळ, खिडकीच्या उन्हात किंवा दमट भिंतीला टेकवून ती ठेवू नये. फार दिवस वापरायची नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसाव्यात. हाताच्या घामानं त्या गंजतात.

वेळ ठरवून द्या आणि तुम्हीही ती पाळा. आमच्याकडे संध्याकाळी सात ते पावणेआठ. या दिवसांत इथं मिरचीचा बाजार भरात असतो. रात्री उशिरापर्यंत गाड्या भरल्या जातात, थकलेली माणसं लवकर पडतात. त्यांच्या झोपेच्या वेळी तार छेडायची नाही, हा नियम मुलानं स्वतःच केला. कानात लावायच्या यंत्राचा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू येत असेल तर तो कानाला जास्तच आहे असं समजा. तासाभरानं कान मोकळे ठेवायला लावा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एकदा जवळ बसून ऐका. कसं ऐकायचं तेही सांगते. आधी तुमच्या सासरच्या मोठ्या माणसांच्या आवडीचं साठीच्या दशकातलं एखादं गाणं लावा, 'तीसरी मंझिल'मधलं चालेल. मग 'सी माय फ्रेंड्स', मग 'नॉर्वेजियन वुड' आणि शेवटी मुलाच्या आवडीचं. चौथं गाणं लागेपर्यंत ते परकं वाटायचं थांबतं, हा माझा अनुभव. मुलाच्या वडिलांनाही बसवा. ते काही बोलणार नाहीत, पण उठूनही जाणार नाहीत. आमचे हे तर आता "ते आशाताईंचं लाव रे" म्हणतात.

प्रामाणिकपणे सांगायचं तर गणिताचे मार्क अजून आहेत तिथंच आहेत. गिटार माळ्यावर होती तेव्हाही ते वाढले नव्हते, हे मात्र मी आता मान्य करते. गणितासाठी रोज सकाळी अर्धा तास मी त्याच्यासोबत बसते आहे. खरं औषध तेच होतं. गिटारला उगीच शिक्षा झाली.

परवा वन्संचा फोन आला होता. "भाचा वाजवतोय का गं?" असं त्यांनी विचारलं. मला एकदम त्या रेनीची आठवण झाली. वन्संना मी काहीच बोलले नाही. फोन तसाच मुलाच्या हातात दिला आणि म्हटलं, "आत्याला वाजवून दाखव बरं."

पुढच्या आठवड्यात हिरव्या मिरचीचं वर्षभर टिकणारं लोणचं. तोपर्यंत तुमच्या घरात कुणाला कसलं गाणं आवडतं आणि त्यावरून कोण कुणावर रुसलंय, ते जरूर कळवा.